ही कुंची कुणाची?

माजिवड्याला घोडबंदर रस्ता नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्याला मिळतो. तिथे आज उंच उंच इमारती आहेत. आमचे घर जुन्या गावठाणातले. ते सोडताना आईच्या लोखंडी पेटीतून एक कुंची निघाली. लाल खणाची, गोटा काळवंडलेला. माझी, की माझ्या थोरल्या भावाची? भाऊ तीन महिन्यांचा असतानाच गेला. त्याचा फोटोसुद्धा नाही आणि सांगणारी आई त्याआधीच गेलेली. मी मराठीचा एम. ए., पण आमच्या घरात एवढी एक ओळ कुणी लिहून ठेवली नव्हती!

पहिल्या तीनएक वर्षांतले मोठेपणी जवळजवळ काहीच आठवत नाही. तुम्हांआम्हां सर्वांचे हेच. तेव्हा त्या दिवसांची साक्ष मोठ्यांनीच ठेवायची. त्यासाठी बाजारात कशाला जायचं? आजीच्या लुगड्याची गोधडी घरात असतेच. ती शिवतानाच कोपऱ्यावर दोऱ्याने बाळाचे नाव, साल आणि लुगडे कुणाचे ते घाला. चिठ्ठी जोडायची तर शिशपेन्सिलीने लिहा. शाई ओलीने पसरते. टाचणी नको, ती गंजते, टाका घाला. कपडा खळ काढून, धुऊन, खडखडीत वाळवून ठेवा, कारण कसर खळीवरच येते. आपल्याकडच्या दमट हवेत प्लॅस्टिकची पिशवी तर नकोच, आत बुरशी धरते. जुन्या धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळलेले बरे.

पावलाचा ठसा घ्यायचा तर हळद वापरू नका, तिचा रंग उजेडाने उडतो. गेरू मातीतला, तो टिकतो. त्यात थोडा बाभळीचा डिंक घाला, म्हणजे झडणार नाही. बाळाचे पाऊल मात्र लगेच पुसा. बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने ठेवायच्या भानगडीत पडू नये; पावसाळ्यात पाझरतात, मुंग्या लागतात. त्यांचा फोटो काढा, आणि तो मोबाइलमध्येच न ठेवता कागदावर छापून घ्या.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पुष्कळांनी पाहिले असेल. दिवे, अडकित्ते, वाद्ये असा हजारो वस्तूंचा तो संग्रह दिनकर केळकरांनी १९७५ साली महाराष्ट्र शासनाला दिला. 'राजा' हे त्यांच्या लहानपणीच वारलेल्या मुलाचे नाव. त्या वस्तू त्या मुलाच्या नव्हेत, तरी दारावर नाव त्याचे आहे.

शिक्षकांना एक सांगणे. पहिलीच्या मुलांना घरची एक जुनी वस्तू आणायला सांगा, आणि तिची हकीकत आजीला विचारून यायला सांगा. ज्याच्या घरी काही उरले नसेल, त्याने नुसती हकीकत आणली तरी चालेल. ती वहीत उतरून घ्या.

आमच्या कुंचीला मी परवा चिठ्ठी शिवली: 'दोघां भावांपैकी एकाची. आईने शिवलेली.'