माळ फुलायचा तेव्हा

यंदा घटाच्या माळेसाठी तरवडाची जुडी विकत घेतली. सोलापुरात तरवड विकत! नवरात्रात घटाला तरवड लागतो, पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत फुलांची बतुकम्मा रचायलाही लागतो. पूर्वी पोरंटोरं शहराबाहेर जाऊन पिशव्या भरून आणत. आता तिथं प्लॉटिंगचे दगड आहेत.

बहात्तरचा दुष्काळ, उजनी धरण, उसाचं वेड यांवर ढीगभर लिहून झालंय. मला सांगायचंय ते नव्वदीच्या दशकाचं. तेव्हा आम्ही सायकली काढून नान्नजकडं जायचो, निमित्त माळढोकाचं. पक्षी क्वचितच दिसे. पण श्रावण-भाद्रपदात पाऊस बरा झालेला असला, की पायाखाली विष्णुक्रांतीचा निळा सडा असे. तो सकाळीच पाहायचा, दुपारी फुलं मिटत. उताराला कुर्डूचे रुपेरी-गुलाबी तुरे, बांधाला केना आणि मागाहून तरवडाचा पिवळा धुरळा. पावसानं दगा दिला त्या वर्षी यातलं निम्मंही नसे. वीतभर मुरमात बी दबा धरून राही आणि ओल मिळाली की ओल सरायच्या आत फुलून, बी टाकून मोकळं होई. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत 2005 आणि 2016 साली वाळवंट असंच फुललं, तेव्हा जग बघायला लोटलं. आमच्या माळाची सरकारदरबारी नोंद ‘पडीक’.

एकदा पडीक म्हटलं, की जो तो सुधारायला धावतो. माझा राग बिल्डरांपेक्षा झाडं लावणाऱ्यांवर जास्त आहे. बिल्डर निदान पुण्य कमावल्याचा आव आणत नाही. माळावरच्या या फुलांना ऊन लागतं, आखूड गवत लागतं, मेंढरांचं बेताचं चरणंही चालतं. सावली मात्र सोसत नाही. 1979 साली जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याच्या माळांवरही गिरिपुष्पाचं झाड लावलं गेलं. उघड्या माळावर वावरणाऱ्या पक्ष्याला झाडांची दाटी काय कामाची? पुढं ते काढायची वेळ आली. तोवर माळढोक एखादा दिसला तरी बातमी होऊ लागली होती.

एवढं होऊनही 2019 मध्ये राज्यानं 33 कोटी झाडांचा संकल्प सोडलाच. आमची मंडळी मात्र फुलं बघायला गाड्या करून साताऱ्याच्या कासला जातात, तिकीट काढून. परतल्यावर त्यातलेच काहीजण इथल्या उरल्यासुरल्या माळावर खड्डे खणतात आणि नारळ फोडायला मला बोलावतात.