सागाच्या नावाने विकले जाणारे इरोको

दरवाजा-चौकटीसाठी वखारीत गेले की ‘आफ्रिकन साग’ हे नाव हमखास कानावर पडते. या नावाखाली एकाहून अधिक जातींची लाकडे खपतात. त्यांतले एक म्हणजे इरोको. पूर्व आफ्रिकेत, स्वाहिलीत, त्याला ‘म्वुले’ म्हणतात. सागाशी त्याचे नाते काहीच नाही. हे झाड तुती, वड आणि आपल्या फणसाच्या कुळातले आहे.

तरीही हे लाकूड हलके समजू नये. वाळल्यावर एका घनमीटरचे वजन साधारण ६५० किलो, म्हणजे जवळपास सागाइतकेच. ताजे कापलेले पिवळसर दिसते, पुढे उजेडात तांबूस-तपकिरी होत जाते. गाभ्याला वाळवी व बुरशी सहसा लागत नाही, म्हणून होड्या, पूल, बाहेरची दारे-खिडक्या यांसाठी ते वापरतात. मात्र सालीलगतचा फिकट भाग टिकाऊ नसतो. घेताना आम्ही तरी तो आधी पाहू!

झांझिबारच्या स्टोन टाउनमधील कोरीव दरवाजे जगप्रसिद्ध आहेत. त्यांतले काही भारतातून नेलेल्या सागाचे, तर काही याच म्वुलेचे. कित्येकांच्या माथ्यावरील पट्टीवर कुरआनच्या आयती कोरल्या आहेत, आणि फळ्यांवरच्या पितळी खिळ्यांत हिंदुस्थानी कारागिरीची छाप आहे. खारी हवा सोसत ते आजही उभे आहेत.

सुताराला मात्र हे लाकूड त्रास देते. त्याचे तंतू उलटसुलट गुंतलेले असतात, त्यामुळे रंधा मारताना कपचे उडतात. शिवाय कधीकधी आत चुन्याचे दगडासारखे खडे सापडतात आणि करवतीचे दात जातात. त्याहून गंभीर गोष्ट भुशाची. तो अंगाला लागून खाज सुटते, नाकात गेला तर शिंका व दम्यासारखा त्रास होतो. घरात काम चालू असेल तर मिस्त्रींना मास्क द्यावा, खोली हवेशीर ठेवावी आणि लहान मुलांना तिथे खेळू देऊ नये. पैसे वाचवण्याच्या नादात याकडे दुर्लक्ष होते, ते आम्हाला खटकते.

इरोकोची लागवड करून गरज भागवावी म्हटले तर तेही सोपे नाही. एक बारीक कीटक रोपांच्या कोवळ्या पानांवर व शेंड्यांवर गाठी आणतो आणि रोपे मरतात. जंगलात बिया पसरवण्याचे काम फळे खाणारी वटवाघळे करतात. त्यामुळे बाजारात येणारा बराचसा माल अजूनही जंगलातलाच असतो. तो कुठून, कोणत्या परवान्याने आला, हे वखारवाल्याला विचारावे. आणि बिलावर ‘साग’ असे मोघम न लिहिता ‘इरोको’ असे लिहून घ्यावे.