घाम, खिसा आणि चाकूचा गंज

मे महिन्यात कोकणातल्या बागेत काम करताना खिशातला घडीचा चाकू दिवसभर घामात भिजत असतो. 'स्टेनलेस आहे, गंजणार नाही' या भरवशावर राहू नका. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्याच्या ऑक्साइडचा अदृश्य थर पोलादाला जपतो. पण घामातल्या मिठाचा क्लोराइड नेमका तोच थर फोडतो. मग टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके दिसायला लागतात. ओपिनेल कंपनीच्या चाकूंवर लिहिलेलं 'इनॉक्स' म्हणजे स्टेनलेस, 'कार्बोन' म्हणजे साधं कार्बन पोलाद. कार्बनला धार सुरेख लागते, पण त्याला जपावंही जास्त लागतं.

खरा गंज धरतो तो पात्यावर नाही, सांध्यात! घाम तिथे शिरतो आणि वाळून मीठ मागे ठेवतो. त्यामुळे संध्याकाळी चाकू पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा, कोरडा पुसा आणि उघडाच वाळू द्या. मग सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाकून पातं चार वेळा उघडमीट करा, बाहेर आलेलं तेल पुसून घ्या. त्याच चाकूने आंबा कापून खायचा असेल तर औषधाच्या दुकानातलं साधं लिक्विड पॅराफिन वापरा. खाद्यतेल नकोच, ते कालांतराने चिकट होतं.

कार्बनच्या पात्यावरची निळसर-करडी झाक घासून काढू नका, ती पात्याला थोडंफार जपते. लालसर भुकटी मात्र दिसताक्षणी तेल लावून बारीक स्टीलवूलने काढा.

आणि चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं.