प्रवाळाचा रंग काय सांगतो?

गेल्या वर्षी अमेरिकेत लेकीकडे गेलो होतो. जावईबापूंच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणि तीत जिवंत प्रवाळ. मी पोहोचलो त्याच आठवड्यात त्यांनी नवा एलईडी दिवा लावला, तोही पूर्ण उजेडावर. दहा दिवसांत एक प्रवाळ पांढरा पडला. त्यांना वाटले, पाणी बिघडले. चूक उजेडाची होती.

प्रवाळ हा प्राणी. पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याचे बरेचसे अन्न तेच तयार करते. उजेड एकाएकी वाढला, की हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. उलट, उजेड कमी पडला तर प्रवाळ बहुधा तपकिरी होतो. म्हणून नवा दिवा आधी मंद ठेवून काही आठवड्यांत हळूहळू वाढवायचा.

प्रवाहही डोळ्यांनी जोखता येतो. प्रवाळाचे तंतू सतत एकाच बाजूला दबलेले असतील, तर झोत फार झाला. अंगावर गाळ साचत असेल, तर कमी पडला. वाऱ्यावर भातशेत डोलते तसे ते डोलावेत.

पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. जावईबापूंनी दिवा मंद केला. दोन महिन्यांनी फोन आला, रंग परततो आहे.

हा छंद आपल्याकडे मात्र नको. कठीण सांगाड्याच्या प्रवाळांना भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणचा प्रवाळ मालवणच्या समुद्रातच पाहावा.