ई-टपाल सर्व्हरची मांडणी (दूरसंचार कंपन्यांच्या खात्यांची)

दूरध्वनी अथवा इंटरनेट जोडणी पुरविणाऱ्या कंपनीने ग्राहकास दिलेल्या ई-टपाल (ई-मेल) खात्यातील पत्रे संगणकावर वा मोबाइलवर आणता व तेथून पाठविता यावीत, याकरिता टपाल-आज्ञावलीस जी माहिती पुरवावी लागते तीस सर्व्हरची मांडणी म्हणतात. येणाऱ्या व जाणाऱ्या टपालाच्या सर्व्हरांची नावे, पोर्ट क्रमांक, सांकेतिकीकरणाचा प्रकार, सदस्यनाम व पासवर्ड ही तिची अंगे होत.

येणारे टपाल पॉप किंवा आयमॅप या संकेतनियमांनी आणले जाते. पॉप १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची तिसरी आवृत्ती (१९८८) प्रचारात आहे. आयमॅपची रचना मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये केली. पॉपमध्ये पत्रे ग्राहकाच्या यंत्रावर उतरवून घेतली जातात व ‘प्रत सर्व्हरवर ठेवा’ अशी सूचना दिलेली नसल्यास ती सर्व्हरवरून सामान्यतः पुसली जातात. त्यानंतर ते यंत्र बिघडल्यास पत्रेही जातात. आयमॅपमध्ये मूळ पत्र सर्व्हरवरच राहते. एकापेक्षा अधिक यंत्रे वापरणाऱ्याने आयमॅपच निवडावा हे श्रेयस्कर. मात्र त्यात एका यंत्रावर पुसलेले पत्र सर्वच यंत्रांवरून नाहीसे होते. सांकेतिक मार्गासाठी आयमॅपला ९९३ व पॉपला ९९५ हे पोर्ट नेमलेले आहेत. १४३ व ११० या जुन्या पोर्टांवर सांकेतिकीकरण वेगळे सुरू न केल्यास पासवर्ड उघडा जाण्याचा धोका असतो.

अडचणी बहुधा जाणाऱ्या टपालात उद्‌भवतात. त्यासाठीचा एसएमटीपी हा नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये मांडला, त्यात पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची सोय नव्हती. त्यामुळे अनेक कंपन्या आपल्या जाळ्यातून आलेले पत्र ग्राहकाचेच मानून पुढे पाठवीत व बाहेरून आलेले नाकारीत. घरी सुरळीत चालणारे खाते परगावी दुसऱ्याच्या जोडणीवर पत्रे आणी, पण पाठवीत नसे, ते यामुळेच. पुढे अनाहूत टपालास आळा घालण्यासाठी पुष्कळ कंपन्यांनी ग्राहकांना बाहेरचा २५ क्रमांकाचा पोर्ट बंद केला. पत्र सादर करण्यासाठी ५८७ हा स्वतंत्र पोर्ट १९९८ मध्ये ठरविण्यात आला आणि सदस्यनाम-पासवर्डाने ओळख पटविण्याची पद्धत १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रारंभापासून सांकेतिक असणाऱ्या ४६५ या पोर्टाची शिफारस २०१८ मध्ये करण्यात आली. पत्रे येतात पण जात नाहीत, अशी तक्रार असल्यास प्रथम पोर्ट व ‘जाणाऱ्या सर्व्हरला ओळख आवश्यक’ ही खूण तपासावी. सदस्यनामाच्या जागी बहुधा संपूर्ण पत्ता लिहावा लागतो. काही कंपन्या टपाल-आज्ञावलीसाठी निराळा पासवर्ड देतात. तेथे नेहमीचा पासवर्ड अचूक लिहूनही नाकारला जातो.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. तिच्या आरंभीच्या पत्त्यांत सर्व्हरचेच नाव असे : मुंबईसाठी ‘जीआयएएसबीएम०१’, पुण्यासाठी ‘जीआयएएसपीएन०१’. असा पत्ता कंपनीशी बांधलेला असतो. जोडणी सोडल्यास तो राहीलच याची शाश्वती नसते. अमेरिकेतील व्हेरायझन कंपनीने २०१७ मध्ये आपली टपाल सेवा आवरती घेतली, तेव्हा जुना पत्ता राखू इच्छिणाऱ्या ग्राहकांची खाती एओएलकडे गेली. पत्ता तोच असला, तरी टपाल हाताळणारी व्यवस्था दुसऱ्याची झाली. म्हणून सर्व्हरचे नाव पत्त्यावरून तर्काने न लिहिता कंपनीच्या चालू सूचनांतून घ्यावे. जोडणी बदलण्यापूर्वी जुनी पत्रे उतरवून घेणे आणि बँकेसारख्या ठिकाणी नोंदविलेला पत्ता बदलणे आवश्यक असते.