स्पेनच्या माळावरील माळढोक

युरोपचा प्रवास म्हटला कीं आमच्या मंडळींना लंडन, पॅरिस व स्वित्झर्लंडचें बर्फ एवढेंच आठवतें. पक्ष्यांची आवड असलेल्या कुटुंबानें हिंवाळ्यांत जावें असा प्रांत मात्र स्पेनच्या पश्चिमेस, पोर्तुगालच्या सीमेलगत आहे. त्याचें नांव एक्स्त्रेमादुरा. गेल्या जानेवारींत पुतण्या व सूनबाई यांजबरोबर आम्हीं तेथें आठ दिवस काढले.

माद्रिदच्या विमानतळावर भाड्याची मोटार घेतली. त्यासाठीं आपल्याकडील परिवहन कार्यालयांतून आंतरराष्ट्रीय परवाना आधींच काढून न्यावा. तेथें गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनें हांकावयाची असते, याचें स्मरण पहिल्या दिवशीं चालकास शेजारच्यानें वारंवार द्यावें. त्रुखिल्यो हें गांव माद्रिदहून सुमारें २५० किलोमीटर. मुक्कामास तेंच सोयीचें. शाकाहारी मनुष्याचे थोडे हाल होतात. सूनबाईंनीं नेलेल्या मेतकुटानें आमची अब्रू राखली. सूर्य साडेआठनंतर उगवतो, म्हणून पक्ष्यांसाठीं भल्या पहांटे उठण्याचें कारण पडत नाहीं.

मोटार हीच तेथें मचाण. पायीं चालणारा मनुष्य दोन फर्लांगांवर दिसतांच माळावरील पक्षी उठून जातात. उभ्या मोटारीचें त्यांस तितकें भय नसतें. यंत्र बंद करावें, कांच खालीं घ्यावी, दुर्बीण डोळ्यांस लावावी. दार मात्र उघडूं नये.

मोनफ्राग्वे येथें ताहो नदीवरील कड्यावर गिधाडें घिरट्या घालतात. हें स्थान २००७ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. आमच्या मुलांनीं गिधाड आतां चित्रांतच पाहावें अशी स्थिति असल्यामुळें तेथें आम्ही ठरल्याहून तासभर अधिक बसलों.

क्रौंच पक्षी स्वीडन, फिनलंड, जर्मनी इकडून शरदाच्या अखेरीस येथें उतरतात; त्यांची संख्या लाखाच्या घरांत जाते. विरळ ओक वृक्षांच्या कुरणांस तेथें देहेसा म्हणतात. त्या ओकांचीं फळें, आणि ग्वादियाना नदीकांठच्या कापलेल्या भात-मक्याच्या शेतांत सांडलेले दाणे, हें त्यांचें अन्न. श्वासनलिका छातीच्या हाडांत वेटोळें घालून बसलेली असल्यामुळें त्यांची हांक फार दूरवर जाते. वाल्मीकींचा क्रौंच म्हणजे सारस, असें पुष्कळांचें मत आहे. हा त्याचाच भाऊबंद.

परंतु हा प्रवास आम्हीं केला तो युरोपीय माळढोकासाठीं. सांता मार्ता दे मागास्का या गांवाभोंवतालचें उघडें रान पाहून सोलापुराकडील मनुष्यास घरीं आल्यासारखें वाटावें. धुकें विरलें, आणि मेंढ्या म्हणून सोडून दिलेले ठिपके माना उंच करून चालूं लागले! नराचें वजन १५ किलोपर्यंत भरतें. या जातीचे जगांतील निम्म्याहून अधिक पक्षी एकट्या स्पेनांत आहेत. १९८० सालीं तेथें त्याची शिकार बंद झाली, हें एक कारण. दुसरें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. तेथील कोरडवाहू शेतकरी धान्य काढल्यावर जमीन पडीक सोडतो व तीवर मेंढ्या चारतो. त्या पडिकांत या पक्ष्यास अन्न व अंड्यांस जागा मिळते. माणसाच्या जुन्या शेतीच्या आधारानेंच तो तगला आहे. जेथें पाटाचें पाणी येऊन बागाइती झाली, तेथून तो हटला.

आमच्या नान्नजचें अभयारण्य १९७९ सालचें, म्हणजे त्या बंदीच्याहि आधींचें. तरी तेथें आपला माळढोक आतां क्वचितच दृष्टीस पडतो. साऱ्या भारतांत मिळून ते दीडशेंच्या आसपास, तेहि बहुतेक जेसलमेरकडे. विजेच्या तारांवर आदळून मरणें हें दोन्ही देशांतील माळढोकांच्या नशिबीं आहे. उडतांना समोरचें त्यास नीट दिसत नाहीं, आणि जड शरीर चटकन वळवितां येत नाहीं. पुतण्यानें त्या सकाळीं तेवीस मोजले. सोलापुरास नोकरींत असतांना आम्हीं एकदाच एक पाहिला होता, तोहि पाठमोरा.

कोणास जावयाचें असल्यास फेब्रुवारीच्या मध्याआधीं जावें. पुढें क्रौंच उत्तरेकडे निघूं लागतात.