लाकडाची कूज : ओळख आणि दुरुस्ती

पावसाळा तोंडावर आला की कोकणात कौले चाळली जातात, फुटकी बदलली जातात आणि शाकारणी पूर्ण झाली असे मानले जाते. परंतु ज्या आढ्यावर, वाशांवर आणि तुळयांवर या कौलांचा सारा भार असतो, त्यांच्याकडे वर्षानुवर्षे कोणी निरखून पाहत नाही. केवळ जुनी घरेच नव्हे, तर अनेक गावांतील शाळा आणि देवळांचे सभामंडपही अशा लाकडी छपराखाली उभे आहेत. बाहेरून शाबूत दिसणारे लाकूड आतून कुजलेले असू शकते. हे वेळीच ओळखले नाही, तर ऐन पावसात छप्पर खाली येण्याचा धोका असतो.

कुजण्याचे कारण

लाकूड केवळ जुने झाले म्हणून कुजत नाही. ते कुजते बुरशीमुळे. या बुरशीला ओल, हवा आणि माफक उष्णता लागते. यांपैकी हवा व उष्णता टाळता येत नाही. ओल मात्र टाळता येते. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या मानाने त्यातील पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांहून कमी राहिले, तर बुरशी वाढत नाही. याउलट, सर्वस्वी पाण्यात बुडालेले लाकूड हवेअभावी दीर्घकाळ टिकते. कूज लागते ती ओल आणि हवा एकत्र येतात तेथे. भिंतीत बसविलेली तुळईची टोके, जमिनीलगतचा खांबाचा बुंधा, पागोळ्यांत भिजणारी वाशांची टोके आणि मोरीजवळची चौकट ही अशी ठिकाणे होत.

सागाला कूज लागत नाही, हा समजही अर्धाच खरा आहे. सागाच्या गाभ्यात बुरशीला रोखणारी नैसर्गिक द्रव्ये असतात. बाहेरचा फिकट थर मात्र इतर कोणत्याही लाकडाप्रमाणे कुजतो.

खांबाखाली दगडी तळखडा ठेवण्याची आपल्याकडील जुनी रीत याच दृष्टीने शहाणपणाची आहे. नॉर्वेमध्ये जमिनीत पुरलेल्या खांबांवर उभारलेली प्रारंभीची लाकडी चर्चे कुजून गेली. पुढे दगडी पायावर लाकडी चौकट ठेवून बांधलेले, सुमारे ११३० मधील लाकूड वापरलेले उर्नेस येथील चर्च आजही उभे आहे.

परीक्षा कशी करावी?

कुजीचे दोन प्रकार सहज ओळखता येतात. एका प्रकारात लाकूड तपकिरी होते, त्याला आडवे-उभे तडे जाऊन चौकोनी तुकडे पडतात आणि बोटांनी चुरडल्यास भुकटी होते. दुसऱ्या प्रकारात ते पांढरट, मऊ आणि तंतुमय होते. तपकिरी कुजीत डोळ्यांना फारसे काही दिसण्याआधीच लाकडाचे बळ घटते, म्हणून केवळ पाहणे पुरेसे नाही. हातोडीने ठोकल्यास निरोगी लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द वाजते. दाभणाच्या टोकाने लहानशी ढलपी उचकटून पाहावी. लांब धसकट निघाले तर लाकूड चांगले. ढलपी आखूड व आडवी तुटली तर कूज लागली आहे असे समजावे.

मातीच्या नळ्या दिसल्या तर ते वाळवीचे काम असते. बारीक छिद्रे व पिठासारखी भुकटी दिसली तर लाकूड पोखरणाऱ्या किड्याचे. या दोहोंवरील उपाय निराळे आहेत.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम पाणी थांबवावे, मग लाकडाला हात लावावा. गळती, तुंबलेली पन्हळ किंवा भिंतीतील ओल तशीच ठेवून केलेली दुरुस्ती व्यर्थ जाते. त्यानंतर छपराला भक्कम टेकू देऊन कुजलेला भाग कापावा आणि त्यापलीकडचे निरोगी दिसणारे सुमारे ३० सेंटिमीटर लाकूडही काढावे. नवा तुकडा वाळलेल्या, टिकाऊ लाकडाचा असावा आणि तो तिरकस सांध्याने व बोल्टांनी जोडावा. तुळईच्या टोकाभोवती हवा खेळण्यास थोडी मोकळी जागा ठेवावी. पोकळीत सिमेंट भरणे किंवा ओल्या लाकडावर तैलरंग देणे या नेहमीच्या चुका आहेत. त्यामुळे ओल आत कोंडते आणि कूज झाकली जाते.

छपराखालील लाकडाला टाकणखार व बोरिक आम्ल यांचे द्रावण देता येते. पावसात भिजणाऱ्या लाकडातून मात्र ते धुऊन जाते. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ मध्ये तयार केलेले तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण जगभर वापरले गेले. तथापि आर्सेनिक विषारी असल्याने घरे व शाळा यांच्या दुरुस्तीत ते टाळावे. कोणतेही औषध कुजलेल्या लाकडाला गेलेले बळ परत देत नाही, हेही लक्षात ठेवावे.

गावपातळीवरील जबाबदारी

मे महिन्यात आणि पावसाळा सरल्यावर, अशी वर्षातून दोनदा सार्वजनिक इमारतींच्या लाकडांची पाहणी करून तिची नोंद ठेवणे ग्रामपंचायतीला आणि शिक्षकांना अवघड नाही. तुळई किंवा आढे यांविषयी शंका आल्यास अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी आणि तोपर्यंत त्या खोलीत वर्ग भरवू नये. एका वाशाचे टोक वेळीच बदलण्यास थोडासा खर्च येतो. तो टाळला तर पुढे संपूर्ण छपराचा खर्च करावा लागतो. आणि त्या छपराखाली मुले बसलेली असतील, तर होणाऱ्या हानीची भरपाई कोणत्याही खर्चाने होत नाही.